क्रोममधलं भलतं सर्च पेज काढलं तरी परत येतंय, फॉरमॅट न करता जाईल का?

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी, चोपडा तालुक्यातून लिहून राहिले. घरी एक डेस्कटॉप आहे, विंडोज १० वाला, आणि तो घरातले सगळेच वापरतात म्हणजे अप्पा केळीचे भाव आणि सातबारा बघतात, लहान भाऊ विद्यापीठाचे फॉर्म भरतो, मी माझ्या शिवणक्लासचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते. तर झालंय असं की काही दिवसांपासून क्रोम उघडलं की गुगल येतच नाही, एक पांढरं पेज येतं, मधे सर्चची पट्टी, दिसायला गुगलसारखंच पण नाव भलतंच. वरच्या पट्टीत महाभूलेख टाइप करून एंटर मारलं की तिथला पत्ता भराभर दोन-तीनदा बदलतो आणि मग त्याच पेजवर जाऊन थांबतो, तिथे वरचे सगळे रिझल्ट जाहिरातीचे, सरकारी साइट कुठेतरी पार खाली. अप्पा पहिल्या रिझल्टवरच क्लिक करतात. परवा अशाच एका साइटने सातबारा दाखवतो म्हणून त्यांचा मोबाइल आणि आधार नंबर मागितला, मी बाजूला बसलेली होते म्हणून बंद केलं.

एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन बघितलं तर न टाकलेलं एक एक्स्टेन्शन तिथे बसलंय, आणि त्याला काढायचं बटणच नाही, ॲडमिनिस्ट्रेटरने टाकलंय असं लिहून येतं. क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली छोटं बिल्डिंगचं चित्र आणि 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन'. आमची कुठली आली ऑर्गनायझेशन, घरचा कॉम्प्युटर आहे हो. क्रोम अनइन्स्टॉल करून परत टाकलं, तासाभराने पुन्हा तेच.

वरून उजव्या कोपऱ्यात सारखे मेसेज येतात की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले, लगेच या नंबरवर फोन करा. अप्पा फोन लावायलाच निघाले होते. गावातला रिपेरवाला म्हणतो फॉरमॅटशिवाय इलाज नाही आणि डेटाची गॅरंटी नाही. त्यात अप्पांनी टाइप केलेले सोसायटीचे जुने अर्ज आहेत, ताईच्या लग्नाचे फोटो आहेत, त्यामुळे जीव घाबरून राहिलाय. भाऊ म्हणतो पीडीएफचं वर्ड करायचं काहीतरी डाऊनलोड केल्यानंतर हे सुरू झालं. कृपया नीट सांगा, मला कॉम्प्युटरचं एमएससीआयटीपुरतं येतं.


गिरणा_पूर

ताई, बाकीचं लोक सांगतीलच पण आधी दोन गोष्टी आत्ताच्या आत्ता. त्या नंबरवर घरातल्या कोणीच फोन लावायचा नाही. फोन लावला की समोरचा एनीडेस्कसारखं काहीतरी टाकायला लावतो, तुमचा स्क्रीन त्याच्या हातात जातो आणि मग 'सर्व्हिस चार्ज'च्या नावाखाली बँक उघडायला लावतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररच्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे अप्पांना सांगून ठेवा. आणि तो कॉम्प्युटर साफ होईपर्यंत त्याच्यावर बँक, यूपीआय, आधारचं काही उघडू नका, मोबाइलवर करा. समजा कोणी आधीच पैसे घालवलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर तितकं बरं, पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येतात.


भुसावळ_जंक्शन

राम राम ताई. माझं रिपेरिंगचंच काम आहे, असे पीसी सारखे येतात दुकानात. फॉरमॅट लागणार नाही, व्हई जाई, फक्त क्रमाने करा. क्रम चुकला की परत येतं आणि मग माणूस वैतागून फॉरमॅट मारतो.

आधी समजून घ्या की काय झालंय. तुम्हाला जे एक्स्टेन्शन दिसतंय ते खरं दुखणं नाही. ज्या प्रोग्रॅमबरोबर हे आलं त्याने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग जिथे ठेवतं तिथे, क्रोमसाठी एक पॉलिसी लिहून ठेवलीय. पॉलिसी ही सोय मुळात मोठ्या ऑफिसांसाठी असते, म्हणजे कंपनीला वाटलं की सगळ्या कर्मचाऱ्यांच्या क्रोममध्ये अमुक एक्स्टेन्शन पाहिजेच आणि कोणाला काढता येऊ नये, तर ती तसं लिहून ठेवते. हे लोक तीच सोय तुमच्या घरच्या पीसीवर वापरतात, म्हणून तुम्हाला ते ऑर्गनायझेशन दिसतंय. आणि त्याच्याही मागे बऱ्याचदा टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक टास्क असतो, तो ठराविक वेळाने उठतो, पॉलिसी जागेवर आहे का बघतो, नसली तर परत लिहितो. तुमचं तासाभराने परत येतंय म्हणजे टास्क असणारच, माझी खात्री आहे. म्हणून आधी टास्क, मग प्रोग्रॅम, मग पॉलिसी आणि शेवटी क्रोम. तुम्ही क्रोमपासून सुरू केलं म्हणून टिकलं नाही.

सुरू करायच्या आधी अप्पांचे अर्ज, फोटो, एक्सेल सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. फक्त फोटो आणि डॉक्युमेंट घ्यायचे, डाऊनलोड फोल्डरमधल्या सेटअप फाइली घ्यायच्या नाहीत, नाहीतर रोग पण बरोबर येतो. आणि क्रोममध्ये गुगल खातं लॉगिन असेल तर सिंक बंद करा. हे कोणी सांगत नाही पण फार महत्त्वाचं आहे, कारण साधी एक्स्टेन्शनं आणि सर्चची सेटिंग खात्यात सेव्ह होतात, तुम्ही इकडे साफ केलं की खात्यातून परत उतरतात.

आता स्टार्टमध्ये टास्क शेड्युलर शोधून उघडा, डावीकडे टास्क शेड्युलर लायब्ररीवर क्लिक करा. मधे यादी येईल. गुगल अपडेट, एज अपडेट, वनड्राइव्ह, प्रिंटरचं काहीतरी, हे असतंच, त्याला हात लावू नका. एकेक ओळ निवडून खाली ॲक्शन्स हा टॅब बघा, तिथे काय चालवलं जातंय ते लिहिलेलं असतं. पॉवरशेल (विंडोजला लेखी हुकूम देऊन कामं करवून घ्यायचा प्रोग्रॅम) असं दिसलं आणि पुढे लांबलचक काहीतरी, किंवा ॲपडेटा फोल्डरमधली कुठलीतरी विचित्र नावाची फाइल दिसली, तर तो आपला गिऱ्हाईक समजा. लगेच डिलीट करू नका, पहिले राइट क्लिक करून डिसेबल करा आणि तो कुठली फाइल चालवतो तो पत्ता कागदावर लिहून घ्या, कारण ती फाइल नंतर काढायचीय.

मग सेटिंगमध्ये ॲप्सची यादी उघडा आणि ती इन्स्टॉल केल्याच्या तारखेप्रमाणे लावा. ज्या दिवशी भावाने ते पीडीएफवालं टाकलं त्या दिवशी अजून काय काय आलंय ते एकाखाली एक दिसेल. बहुतेक वेळा एकटं येत नाही, दोन-तीन भावंडं घेऊन येतं. अनइन्स्टॉल करताना ते 'खरंच काढायचं का', 'ऑफर घ्या', 'फक्त डिसेबल करा' असं काय काय विचारतं, तिथे बटणं मुद्दाम उलटसुलट रंगवलेली असतात, नीट वाचून दाबा.

पॉलिसी बघायला क्रोमच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. तिथे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' दिसेल, त्याच्यासमोर ३२ अक्षरांचा एक सलग शब्द, ए ते पी एवढीच अक्षरं असतात त्याच्यात, तो त्या एक्स्टेन्शनचा आयडी. तुमच्या त्या पानावरच्या एक्स्टेन्शनशी जुळवून बघा. आता रजिस्ट्री एडिटर ॲडमिन म्हणून उघडा, एचके लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम इथपर्यंत उतरत जा. घरच्या पीसीवर सहसा इथे काहीच नसतं (काही अँटिव्हायरस लिहितात, तो अपवाद). आधी त्या क्रोम फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा, फाइल सेव्ह झाली की मगच डिलीट. असंच एचके करंट युझरमध्ये पण बघा. बाकी कशाला बोट लावू नका, रजिस्ट्रीत भलतं काही उडालं तर विंडोज बसतं.

हे जमणार नाही असं वाटलं तर टास्क आणि प्रोग्रॅम काढून झाल्यावर सरळ ॲडडब्ल्यूक्लीनर चालवा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि हे असले जाहिरातीचे किडे, टूलबार, घुसवलेल्या पॉलिसी यांच्यासाठीच बनवलेलं आहे. पहिले फ्रान्समधल्या एका डेव्हलपरचं होतं, २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने घेतलं. डाऊनलोड मात्र मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरूनच, आणि शक्यतो मोबाइलवर त्यांचा पत्ता पक्का करून मग पीसीवर पूर्ण पत्ता टाइप करा, कारण तुमच्या पीसीवरचं सर्चच बिघडलेलं आहे, तिथून शोधलं तर नकली क्लीनर गळ्यात मारतील.

शेवटी क्रोमच्या सेटिंगमध्ये रीसेट सेटिंग्ज. बुकमार्क, हिस्ट्री, सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शनं बंद होतात आणि सर्च, होमपेज मूळचं होतं. आणि डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटची ओळ बघा. ती क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरण चिन्ह इथे संपली पाहिजे. पुढे कुठल्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा पुसून टाका. प्रोफाइल डिरेक्टरी असं काही असेल तर असू द्या, ते क्रोमचंच असतं. टास्कबारवरच्या आयकॉनचं पण वेगळं बघावं लागतं.


पांझरा_काठ

भुसावळवाले भाऊ, एवढं सगळं बिनतंत्राच्या माणसाला सांगून उपयोग काय? डेटा कॉपी करा, फॉरमॅट मारा, दोन तासांत मोकळं. मी तर तेच करतो. रजिस्ट्रीत हात घालून काही राहिलं तर परत बोंब.


भुसावळ_जंक्शन

पांझरा भाऊ, फॉरमॅटला माझा विरोध नाही, पासवर्ड चोरणारं काही सापडलं असतं तर मीच सांगितलं असतं. पण दोन गोष्टी. एक तर खात्याचं सिंक चालू ठेवून फॉरमॅट केलं तर लॉगिन केल्या केल्या तेच सर्च परत उतरू शकतं, दुकानात अशी गिऱ्हाइकं येतात ज्यांनी फॉरमॅटचे पैसे मोजलेले असतात. दुसरं, फॉरमॅट करणारे बरेच जण नंतर कुठूनतरी क्रॅक केलेलं विंडोज आणि ऑफिस टाकून देतात, आणि त्या क्रॅकबरोबरच असलं काहीतरी पुन्हा आत येतं. ताईंचा पीसी चालू आहे, विंडोज ओरिजिनल असेल, तर आहे ते साफ करणंच शहाणपणाचं.


वाघूर

थोडी भर घालतो. हे काही एकट्या चोपड्याचं दुखणं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रीझनलॅब्स या सुरक्षा कंपनीने अगदी असाच प्रकार उघडा केला होता, क्रोम आणि एज मिळून किमान ३ लाख लोकांच्या ब्राउझरमध्ये जबरदस्तीने एक्स्टेन्शनं बसवलेली, आणि पद्धत हीच, शेड्युल केलेला टास्क, त्यातून पॉवरशेलची स्क्रिप्ट, स्क्रिप्टने रजिस्ट्रीत पॉलिसी लिहायची. लोकांना ओढायला नकली डाऊनलोड साइट, कुठे व्हीएलसी प्लेयरच्या नावाने तर कुठे पासवर्ड मॅनेजरच्या नावाने. त्याच्या आधी २०१७ मध्ये फायरबॉल नावाचा असाच ब्राउझर बळकावणारा किडा गाजला होता, चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या अंदाजात भारत सगळ्यात वर होता, अडीच कोटींच्या आसपास कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटलं की आकडा फार फुगवलाय, पण प्रकार खरा होता.

आणि हे करतात कशाला तर पैशासाठी. तुमचं सर्च त्यांच्या पेजवरून वळवलं की दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक झालं तर त्यांना वाटा मिळतो. तो पत्ता भराभर बदलतो म्हणालात ना ताई, ते मधले पत्ते म्हणजे वाटेकरी, प्रत्येकजण आपली नोंद करून पुढे ढकलतो. पीडीएफवाल्या फुकट प्रोग्रॅमला पण प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मिळतात. तुमच्या अप्पांचं एक क्लिक त्यांच्यासाठी चार पैसे, पण अप्पांचा आधार नंबर भलत्याच्या हातात जायची वेळ आली होती. म्हणून मला याला नुसता जाहिरातीचा त्रास म्हणवत नाही.


सूरनगंगा

कोपऱ्यातल्या मेसेजचं कोणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते. ते व्हायरसने दाखवलेलं नसतं बरेचदा, ती एखाद्या वेबसाइटची नोटिफिकेशन असते. कुठल्यातरी साइटवर 'मी रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाव दाबा' असं येतं, कोणीतरी दाबतं, आणि त्या साइटला परवानगी मिळते, मग ब्राउझर लहान करून ठेवला असला तरी ती मेसेज टाकत राहते, आणि मुद्दाम एखाद्या मोठ्या अँटिव्हायरसचा लोगो लावून टाकते. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल, अनोळखी सगळ्या काढून टाका, आणि वरतीच साइटने नोटिफिकेशन मागूच नये असा पर्याय आहे तो निवडा. घरच्या कॉम्प्युटरला नोटिफिकेशन लागतंच कशाला.

पूर्ण स्क्रीनभर लाल पान आलं, आवाज यायला लागला, माउस चालेना, तर घाबरून काही दाबू नका. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाही झालं तर कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर उघडून क्रोम एंड टास्क करा. परत उघडल्यावर 'जुनी पानं आणू का' विचारलं तर नाही म्हणा.

अजून एक, यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत सांगतात की क्रोमच्या सेटिंगमध्ये क्लीन अप कॉम्प्युटर आहे ते चालवा. ते मार्च २०२३ मध्ये क्रोमने काढून टाकलं. शोधत बसू नका.


सातपुडा_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार, आत्ताच बसून केलं, भाऊ बाजूला मोबाइलवर तुमचं लिहिलेलं वाचून दाखवत होता आणि मी करत होते.

भुसावळच्या दादांनी सांगितलं तसंच निघालं. टास्कच्या यादीत एक नाव होतं, त्याच्यात अपडेट आणि सर्व्हिस असे शब्द, एकदम सरळ दिसणारं, मी दुर्लक्षच करणार होते. पण ॲक्शन्समध्ये बघितलं तर पॉवरशेल, आणि पुढे हिडन असा शब्द, मग एका फाइलचा पत्ता. ट्रिगर्सच्या टॅबमध्ये बघितलं तर लॉगिन केल्यावर एकदा आणि मग दर तासाला. म्हणजे माझं ते तासाभराने परत येणं इथून होतं! डिसेबल केलं, पत्ता वहीत लिहिला. ॲप्सच्या यादीत त्या पीडीएफवाल्याच्या तारखेला एक 'वेदर' नावाचं आणि एक कसलंतरी पीसी स्पीड वाढवणारं पण होतं, तिन्ही काढले. स्पीडवाल्याने काढताना खरंच दोनदा फसवायचा प्रयत्न केला, मोठं हिरवं बटण 'कीप'चं आणि काढायचं बारीक करड्या अक्षरात.

रजिस्ट्रीत हात घालायची हिंमत झाली नाही म्हणून ॲडडब्ल्यूक्लीनर चालवलं, लाल अक्षरात बरंच काही दाखवलं, सगळं क्वारंटाइन करून रीस्टार्ट झालं. क्रोमच्या मेनूतलं ते बिल्डिंगचं चित्र गेलं, एक्स्टेन्शन गेलं, गुगल आलं. नोटिफिकेशनच्या यादीत तर कुठल्या कुठल्या साइट होत्या, सगळ्या उडवल्या.

आता दोन शंका. एजमध्ये अजून तेच भलतं सर्च येतंय. आणि अप्पा विचारून राहिलेत की बँकेचा पासवर्ड त्या लोकांना गेला असेल का, त्यांना रात्री झोप लागणार नाही असं म्हणतात.


भुसावळ_जंक्शन

शाब्बास ताई. ट्रिगर्सचा टॅब बघायचं मी सांगितलं नव्हतं, तुम्ही स्वतःच बघितलं.

एजचं पण तसंच, पट्टीत एज, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी टाइप करून बघा, तिथे काही उरलंय का. काही नसेल तर एजच्या सेटिंगमध्ये रीसेट सेटिंग्ज आहे ते करा, आणि एजमधली एक्स्टेन्शनं वेगळी बघा, क्रोममधून काढलं म्हणजे एजमधून जात नाही. काही उरलेलं असेल तर रजिस्ट्रीत पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, एज इथे असेल, तेव्हा सांगा, एकेक पायरी लिहून देतो. तो टास्क आता डिलीट करा आणि वहीत लिहिलेली फाइल पण. नंतर विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तो तपासतो, म्हणून लपलेलं पण सापडतं. साधारण १५ मिनिटं लागतात, लाइट जायची वेळ सोडून करा, आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी काही भरवसा नाही.


बोरी_नदी

अप्पांच्या शंकेबद्दल. ज्या जातीचं हे होतं त्याचा धंदा मुख्यतः सर्च वळवण्याचा, पण एक्स्टेन्शनला सगळ्या वेबसाइटवरचा मजकूर वाचायची परवानगी असली तर ते टाइप केलेलं पण वाचू शकतं, म्हणून पासवर्ड गेलाच नाही असं छातीठोकपणे कोणी सांगू नये. सरळ उपाय करा, मोबाइलवरून नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, मग गुगलचा, मग ज्या ज्या साइटचा पासवर्ड त्या क्रोममध्ये सेव्ह होता त्यांचा. गुगल खात्याच्या सिक्युरिटीत युअर डिव्हायसेस बघा, अनोळखी मशीन दिसलं तर साइन आउट करा, टू स्टेप (पासवर्डनंतर अजून एकदा खात्री करून घेणारी सोय) चालू करा. बँकेचं स्टेटमेंट महिनाभर नजरेखाली ठेवा. अप्पांना सांगा की ओटीपी कोणाला दिलेला नसेल आणि पासवर्ड आज बदलला असेल तर निवांत झोपा.


सूरनगंगा

आणि मुळात ते पीडीएफचं वर्ड करायला काही डाऊनलोड करावंच लागत नाही हे भावाला सांगा. वर्ड २०१३ पासून पुढचं असेल तर त्याच्यातच पीडीएफ सरळ उघडतं, ते स्वतःच बदलून देतं. वर्ड नसेल तर गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, स्कॅन केलेल्या कागदातलं मराठी पण बऱ्यापैकी ओळखतं. आणि वर्डचं पीडीएफ करायचं असेल तर प्रिंट दाबून मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी पोरं घाईघाईत गुगलवर शोधतात, वरती जाहिरात असते, हिरवं डाऊनलोडचं बटण असतं, तिथेच सगळं होतं. कॉलेजच्या ग्रुपवर हे टाकायला सांगा त्याला.


वाघूर

अप्पांसाठी एक काम नक्की करा ताई. क्रोममध्ये बुकमार्कची पट्टी कायम दिसेल असं करा आणि त्यांना लागणाऱ्या साइट तिथे मराठी नावाने लावून द्या, सातबारा, महाडीबीटी, बँक, बाजारभाव. मग त्यांना सर्च करायची गरजच नाही. सातबारा बघायला भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन, आणि सही असलेला पाहिजे असेल तर त्याच महाभूमीचं डिजिटल सातबाऱ्याचं पान, तिथे एका सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. त्यांना एवढंच शिकवा की पत्त्याचा शेवट गव्ह डॉट इन असा पाहिजे, मधे कुठेतरी गव्ह लिहिलेलं असून चालत नाही. माझ्या काकांना हे शिकवलं तेव्हापासून ते स्वतः पत्ता बोटाने वाचून मग पुढे जातात.

विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, त्याच्यात रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन, तिथे पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग चालू आहे का बघा. ॲप्स आणि डाऊनलोड दोन्हीवर टिक पाहिजे. हे असले बरोबर चिकटून येणारे प्रोग्रॅम अडवायलाच ते आहे, पण हे किडे बरेचदा ते बंद करून ठेवतात. क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन लाइट हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, म्हणजे नकली डाऊनलोडची बटणं बरीचशी दिसणारच नाहीत. साधं यूब्लॉक ओरिजिन आता क्रोममध्ये चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालतं.

सरकारचं पण एक आहे, सायबर स्वच्छता केंद्र म्हणून, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं, २०१७ पासून चालू आहे, तिथे साफसफाईची टूल्स फुकट मिळतात. लोकांना माहीतच नसतं.


पांझरा_काठ

बरं, फॉरमॅटशिवाय झालं म्हणायचं, चांगलं झालं. दुकानात आता आधी टास्क शेड्युलर उघडत जाईन. पण ताई, विंडोज १० चं काय? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या पीसीला एक वर्ष जास्तीचे सुरक्षा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण त्याला नोंदणी करावी लागते, विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक येते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग सिंक केलं तर पैसे पण लागत नाहीत. ते करून घ्या आणि पीसी विंडोज ११ ला चालतो का ते तिथेच कळेल. विंडोज ७ वाले तर क्रोमच्या १०९ या जुन्या व्हर्जनवरच अडकलेत, त्यांचे पीसी आले की मला साफ करायला पण भीती वाटते, आज काढलं की उद्या दुसरं.


सातपुडा_पायथा

एजमध्ये पॉलिसी काही नव्हती, एक्स्टेन्शन होतं, ते काढून रीसेट केलं, झालं साफ. ऑफलाइन स्कॅन पण सकाळी लाइट असताना करून घेतला, काही निघालं नाही. पासवर्ड सगळे मोबाइलवरून बदलले, गुगल खात्यात आमचीच मशीनं दिसली. अनवॉन्टेड ॲपचं ते खरंच बंद होतं, चालू केलं. अप्पांची पट्टी लावून दिली, सातबारा, भाव, बँक, आणि त्यांच्या सांगण्यावरून हवामान.

एकच विचारायचं राहिलं, भावाला आणि अप्पांना ॲडमिन नसलेलं वेगळं खातं करून द्यायचा विचार आहे म्हणजे पासवर्डशिवाय काही इन्स्टॉलच होणार नाही. पण मग प्रिंटर आणि माझं एक्सेल त्या खात्यात दिसेल का, की परत सगळं टाकावं लागेल?


भुसावळ_जंक्शन

हाव, हे तर करूनच टाका. सेटिंगमध्ये अकाउंट्स, तिथे नवीन खातं, प्रकार स्टँडर्ड ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. पण काही प्रोग्रॅम पासवर्ड न मागता त्या खात्यापुरते बसतातच, म्हणून डाऊनलोड करायच्या आधी विचारायचं हे भावाला सांगून ठेवा. प्रिंटरचा ड्रायव्हर एकदा ॲडमिन खात्यातून टाकलेला असला की दुसऱ्या खात्यात दिसतो, ऑफिसचं पण तसंच, फक्त लॉगिन मागेल तेवढं द्या. तुमच्या डॉक्युमेंट फोल्डरमधल्या फाइली मात्र त्यांना दिसणार नाहीत. अप्पांचे अर्ज त्यांना लागतील, ते सी ड्राइव्हमधल्या युझर्स फोल्डरच्या आत पब्लिक नावाचं फोल्डर आहे तिथे ठेवा, सगळ्यांना उघडता येतात.